बरणी चालत होती तोवर

बसल्या जागी माझा उजवा पाय हलतो. लहानपणापासून हलतो. हे लिहितानाही हलतोच आहे, त्यामुळे अक्षर असं आलंय, संपादकांनी सांभाळून घ्यावं. सोलापुरात आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. आई वळायची, आत्या वळायची, मलाही बसवलं. पण विडी वळायला मांडी स्थिर लागते. माझी तंबाखू सुपात कमी आणि फरशीवर जास्त. आई ओरडायची, "काळ्ळु ऊपकु." म्हणजे पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी जाते. लक्ष्मी आपल्याकडे आली कधी होती, असं मी एकदा विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

अशा चुळबुळ्या बाईच्या नशिबी काम काय आलं, तर बंदुकीच्या दस्त्यांना तेल पाजायचं. दस्ता म्हणजे बंदुकीचा मागचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवतात. या कामात हात चालवायचं थोडं आणि वाट बघायचंच फार. तेल मुरायची वाट, वाळायची वाट, लाकूड पुन्हा तेल मागेल त्याची वाट. मी आयुष्यभर वाट बघितली आणि एकदाही शांतपणे बघितली नाही.

हे काम मला चाचांनी दिलं. चाचा बंदुका दुरुस्त करायचे, शहरात त्यांचं परवान्याचं छोटं दुकान होतं. आमच्या ह्यांची त्यांच्याशी ओळख. बंदुकीचं लोखंड दुकानाबाहेर काढायचं नाही हा चाचांचा कडक नेम, नियमांना ते फार जपायचे. लाकूड तेवढं सुटं करून माझ्या घरी पाठवायचे. म्हणजे मी जन्मभर बंदुकांचं काम केलं आणि माझ्या घरात एकही बंदूक कधी आली नाही. तरी गल्लीतल्या बायका विचारायच्या, अक्का, आज कुणाचा नंबर? आणि नळावर मला आधी पाणी भरू द्यायच्या. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

तेल कसं करतात ते सांगते. घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल आणायचं. जवसाचंच का, तर ते हवेवर वाळतं. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल लावलंत तर लाकूड कायम चिकट राहील. जवसाचं लाकडात शिरून तिथेच घट्ट होतं. गाळ खाली बसला की वरचं नितळ तेल काचेच्या बरणीत ओतायचं आणि त्यात रतनजोत टाकायची. ही एक मुळी, काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, काळपट जांभळी, कांद्याच्या सालीसारख्या पापुद्र्यांची. काही घरांत मटणाच्या रश्श्याला रंग यावा म्हणून घालतात. बरणीचं तोंड फडक्याने आणि मेणाने बंद करून ती फळीवर ठेवून द्यायची. मुळी हळूहळू रंग सोडते आणि तेल लाल होत जातं. त्या तेलाचे हात दिलेलं लाकूड समोरून तपकिरीच दिसतं, पण खिडकीशी तिरकं धरलं की आतून लाल उजळतं, डाळिंबाचा दाणा उन्हात धरावा तसं.

लावायचं ते तळहाताने. थोडं तेल घ्यायचं आणि तळहात पोळेपर्यंत चोळायचं, जास्तीचं पुसायचं, दस्ता टांगून ठेवायचा. वाळला की पुन्हा तेच. माझे तळहात बाराही महिने लाल असायचे. लग्नकार्यात बायका विचारायच्या, मेंदी कुणाकडून काढली?

पुसायच्या फडक्यांचंही एक पथ्य आहे. ती चुरगाळून ठेवायची नाहीत, पापडासारखी पसरून दोरीवर टाकायची. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून ठेवलं की आतल्या आत तापतं आणि आपोआप पेटतं. यावर कुणाचा विश्वास बसत नाही. शेजारच्या पद्माचाही नव्हता. मला मदत म्हणून तिने एकदा सगळी फडकी गोळा केली आणि आपल्या तेंदूपानांच्या टोपलीत कोंबली. दुपारी टोपलीतून धूर यायला लागला. मी ती तशीच उचलून रस्त्यावर फेकली. पानं गेली, घर वाचलं. तेव्हापासून पद्मा माझ्या फडक्यांसमोरून जाताना हात जोडते.

गिऱ्हाइकंही एकेक. वैरागच्या एका बागायतदाराला मुलाच्या लग्नात बंदुकीसह फोटो काढायचा होता. दस्त्यात तोंड दिसलं पाहिजे, एवढीच त्याची मागणी. मी सांगितलं, तोंड बघायला आरसा घ्या, तेलाने लाकूड चमकत नाही, उजळतं. तो रागावला आणि फर्निचरवाल्याकडून लाखेसारखं चकाकतं काहीतरी चढवून घेतलं. उन्हाळ्यात त्याचे फुगे आले, पापुद्रे सुटले. मग तो खाली मान घालून परत आला आणि ते खरवडता खरवडता मी त्याला भरपूर बोलून घेतलं. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. तिथून सुटल्या की माझ्याकडे रांग लागायची, कारण इतके दिवस गुंडाळून ठेवल्यावर लाकडाला दमट डाग आणि गोणपाटाचे वळ पडणारच. आमच्या ह्यांना राजकारणातलं काही कळायचं नाही, पण निवडणूक कधी आहे ते त्यांना माझ्यामुळे बरोबर ठाऊक असायचं.

तेलाच्या बरण्या पहिल्यापासून माझ्या घरी, कारण चाचांच्या दुकानात जागा नव्हती. पूर्वी चाचा स्वतः तेल करायचे तेव्हा ते इतकं लाल व्हायचं नाही, असं तेच सांगायचे. माझ्या घरातली पहिली बरणी उघडली तेव्हा त्यांनी काडीवर थेंब घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "बेटी, तेरे हात में बरकत है." मी हुरळून गेले. ज्या हातांना एक विडी धड वळता आली नाही, त्या हातांत बरकत! त्यांचा एकच दंडक होता, बरणीला हात नक्को लगा. उघडली तर हवा लागून तेलावर साय धरते, घुसळली तर मुळीचा चुरा होऊन तेल गढूळ होतं आणि लाकडावर कचकचतं. मी दंडक पाळला. फक्त रोज सकाळी बरणी मागे ढकलायची.

मागे ढकलायची कारण ती पुढे यायची. आमच्या घराची मागची भिंत आणि पलीकडच्या यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच. पलीकडे टॉवेलचे माग सकाळपासून खडखडायचे आणि आमच्या फळीवरचे डबे, पेले, बरणी, सगळं मुंगीच्या पावलांनी कडेकडे चालत यायचं. एकदा साखरेचा डबा पडला, तेव्हा ह्यांनी फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकली. त्या मागांना मी फार शिव्या दिल्या. टीव्ही ऐकू यायचा नाही, फोनवर ओरडावं लागायचं. पुढे आमचे हे गेले, त्यांच्यामागून चाचा गेले, आणि गेल्याच्या गेल्या वर्षी कारखानाही बंद पडला. माग भंगारात गेले. घर एकदम गप्प झालं. बरं झालं, म्हटलं.

आता बिराप्पा. हा वळसंगकडचा मेंढपाळ, चाळिशीचा, अंगाने काटक. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचं, म्हणून वडिलांच्या काळापासून घरात परवान्याची बाराबोर. लांडगा कळपाशी आला की हवेत एक बार काढायचा, तो पळतो. त्याला मारायचं नाही, हा कायदा आणि बापाची शिकवणही. बाप कळपामागे चालता चालताच रानात गेला. त्याच्या हयातीत त्या बंदुकीच्या लाकडाला लाल तेल मीच दिलं होतं. गेल्या वर्षी ओढा ओलांडताना बिराप्पाचा पाय घसरला, तो बंदुकीवर पडला आणि दस्ता मोडला. चाचांचं दुकान आता त्यांचा मुलगा सलीम बघतो. त्याने अक्रोडाचा नवा दस्ता कोरला, बापाला शोभेल असा कोरला. नळीखालचं लाकूड मात्र जुनंच राहिलं. म्हणजे पुढचं लाकूड लाल आणि मागचं कोरं, फिकट. दोन्हींचा रंग जुळवायचं काम माझ्याकडे आलं.

श्रावणात सलीमबरोबर बिराप्पा स्वतः आला. चहा घेतला नाही, बसलाही नाही. त्याने सांगितलं ते असं. खंडेनवमीला त्यांच्याकडे बापाची काठी, कुऱ्हाड, लोकर कातरायची कात्री आणि बंदूक पूजेला मांडतात, वर भंडारा टाकतात. खंडित वस्तू पूजेला चालत नाही. आईने मोडकी बंदूक बघितली आणि तिच्या मनाने घेतलं की हा इशारा आहे, नवरा रानात गेला तसा मुलगाही जाणार. दस्ता नवा बसवला तरी तिचं समाधान होईना. दोन रंगांची बंदूक म्हणजे तिच्या लेखी मोडकीच.

"आई म्हणती, येका अंगाची हून पूजेला बसली तर मेंढरं ऱ्हातील. न्हायतर बाजारात इकायची आन मी पुण्याला वाचमन व्हायचं," तो म्हणाला. "अक्का, मला मेंढरांबिगर काय येत न्हाय. जमंल का न्हाय तेवडं सांगा."

मी जमेल म्हणून सांगितलं. न जमायला काय झालं? तो रंग माझाच तर होता.

त्याची पाठ वळताच मी मुरत ठेवलेली बरणी उघडली. आतलं तेल पिवळं. नाही म्हणायला कडेला जराशी लाली, चोथा दुसऱ्यांदा उकळून केलेल्या चहासारखी. जुन्या लाल तेलाचा थेंब शिल्लक नव्हता. नवी बरणी आहेच म्हणून मी ते निर्धास्त वापरून संपवलं होतं. फळीच्या तुकड्यावर हात दिला, लाकूड पिवळट झालं आणि तसंच राहिलं.

पहिला संशय मुळीवर. काष्ठौषधीवाल्याशी जाऊन भांडले. त्याने दुसरी मुळी दिली, तीही तशीच. मग घाण्यावर गेले, तेलात भेसळ आहे का विचारून तिथेही अपमान करून घेतला. त्या दुसऱ्या मुळीची बरणी उन्हात ठेवली, सावलीत आणली, पुन्हा उन्हात नेली. बाजारातला तयार रंग आणून बघितला तर लाकूड लिपस्टिक लावल्यासारखं दिसायला लागलं. घरात येरझाऱ्या घालून टाचा दुखायला लागल्या. बिराप्पाचा रोज फोन, मागे मेंढरांचं ओरडणं, आणि त्याचं एकच वाक्य, "आला का वो रंग?" मी रोज म्हणायचे, येतोय. फोन ठेवला की तळहातांकडे बघत बसायचे. चाचा खोटं बोलणारे नव्हते. मग बरकत गेली कुठे? खरं सांगते, मला भीती वाटली. हातातलं एकुलतं एक कसब म्हातारपणी कुणी न विचारता काढून नेलं असं वाटलं, आणि त्यापायी एका माणसाचा कळप विकला जाणार होता.

शेवटी वैतागून ते पिवळं तेल ओतून द्यावं म्हणून मूळची बरणी फळीवरून उचलली. खाली स्वच्छ गोल. बाकी फळीभर धूळ, आणि बरणीच्या बुडाएवढं तेवढं गोल चकचकीत. मी तशीच उभी राहिले, बरणी पोटाशी धरून. इतक्या वर्षांत त्या फळीवर बरणीचा गोल कधी पडला नव्हता, कारण बरणी कधी एका जागी थांबलीच नव्हती. मी भिंतीला तळहात लावला. भिंत गार आणि गप्प होती.

तेलाला लाल रंग मी दिला नव्हता. चाचांनीही नाही. पलीकडचे माग दिवसभर भिंत थरथरवत होते, भिंत फळीला, फळी बरणीला, आणि तळाशी बसलेली मुळी सतत हळूहळू डुलत राहून तेलाला रंग देत होती. घुसळण नाही, ढवळणं नाही, नुसती थरथर. ज्यांना मी शिव्या घातल्या त्यांनीच माझं नाव केलं. चाचा बिचारे माझ्या हाताला मान देत गेले आणि मी तो फुकटचा घेत राहिले. हे त्यांना सांगायला ते हवे होते. खूप हसले असते.

पण हसायला वेळ नव्हता. गणपती बसले तशी नवी बरणी भरली आणि थरथर शोधायला लागले. शिलाई मशीनवर बरणी ठेवून बघितली, धक्के फार. मिक्सरच्या शेजारी ठेवली, तेल गढूळ. पद्माच्या जुन्या फ्रीजवर ठेवली, तो मनात आलं तर थरथरायचा. पद्मा म्हणाली, अक्का, आता तुला डॉक्टरला दाखवू या. मी दमून ओट्यावर बसले, बरणी मांडीवर होती. जरा वेळाने बघते तर तेलात तळाचे पापुद्रे संथपणे डुलत होते. उजवा पाय हलत होता.

तिथून पुढे मी दिवसचे दिवस ओट्यावर बसून काढले. बसायला पाट, मांडीवर उन्हाने कोमट झालेली बरणी, आणि पाय सुरू. येणारे-जाणारे बघायचे. कुणी हसायचं, कुणी काळजीने विचारायचं. तेल पिवळ्याचं नारिंगी झालं, पण नारिंगी म्हणजे लाल नव्हे, आणि पितृपंधरवडा संपत आला होता. तेल लावून ते वाळायलाही दिवस लागणार होते. रंग वेळेत येईल असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नव्हते.

त्याच दिवसांत एका दुपारी बिराप्पा आईला घेऊन आला. तिचे डोळे दाखवायला सोलापूरला आणलं होतं. म्हातारी ठेंगणी, ताठ, कपाळाला भंडाऱ्याचं बोट. माझ्यासमोर बसली आणि माझ्या पायाकडे बघत राहिली. मला वाटलं आता रंगाचं विचारील. तिने ते विचारलं नाही.

"बाई, पाय हलवू नगं," ती म्हणाली. "लक्षुमी जाती की घरातली."

आईचा तोच सूर. माझा पाय क्षणभर थांबलासुद्धा. तेलातले पापुद्रे खाली बसायला लागले. तेव्हा बिराप्पा खाली वाकून तिला म्हणाला, "आई, हलवू दे की. आपली मेंढरं त्याच्यावरच हायती."

म्हातारीला काही उमगेना. मग मी तिला सगळं सांगितलं, माग, भिंत, फळीवरचा गोल. सांगताना वाटत होतं, हिला तर मेंढरं विकायचीच आहेत, रंग न येण्यातच हिचं भलं आहे. बरणी उन्हाच्या तिरिपेत होती. तिने डोळे बारीक करून आतलं नारिंगी तेल बघितलं, मुलाकडे बघितलं. तो दुसरीकडे तोंड करून उभा होता. तिने पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण हिकडं. दमली आसशील."

बरणी तिच्या मांडीवर दिली. पण तिला पाय हलवताच येईना. गुडघा एकदम वर जायचा, बरणी कलंडायची. जन्मात कधी हलवला नव्हता, येणार कुठून? टाच उचल, चवडा जमिनीला, पोटरी सैल सोड, असं मी तिला दाखवत बसले. ज्या खोडीसाठी मी आईचे धपाटे खाल्ले ती मी एका परक्या म्हातारीला शिकवत होते, आणि ती ओठ दाबून, मन लावून शिकत होती. संध्याकाळच्या एसटीची वेळ होईपर्यंत आम्ही पाळीपाळीने बसलो.

घटस्थापनेला तेल लाल झालं. ऑक्टोबरच्या उन्हाने साथ दिली, दस्त्याला एकेक हात देत गेले. शेवटचा हात वाळल्यावर सलीमने दुकानात दोन्ही लाकडं जोडली आणि दारातल्या उजेडात बंदूक तिरकी धरली. नवं लाकूड कोणतं आणि जुनं कोणतं, ते मलाही बोट फिरवून शोधावं लागलं. सलीम म्हणाला, अब्बा बघायला हवे होते. बरकत हाताची नाही, पायाची आहे, हे त्याला समजावण्यात काही अर्थ नव्हता.

खंडेनवमीच्या संध्याकाळी बिराप्पाचा फोन आला. आईने बंदुकीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग भंडारा टाकला आणि विचारलं, कळप कदी काढायचा? आता दसरा झाला की निघणार होता, करमाळ्याकडच्या रानात. मागे मेंढरं ओरडत होती. मी जपून राहा म्हटलं आणि फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "अक्का, येक सांगायचं ऱ्हायलं. आई आता बसली की पाय हलवती. बायकू माझी लई वैतागली हाय, म्हणती लक्षुमी जाती. काय करू?"

"हलवू दे की," मी म्हटलं.